उबेला ठेवलेलं झाड

चोंगसन, २० ऑक्टोबर १९८६

चि. मालसुन हिस,
ताईचे अ. उ. आ.

तुझी संत्र्यांची पेटी पोचली. खालच्या थरातली दबली होती ती मी खाल्ली आणि चांगली शेजारीपाजारी वाटली, म्हणजे मोठेपणाही मिळाला आणि पोटही भरलं. मेव्हण्यांना सांग, फळ गोड पिकवता, पण पेटी बांधायला अजून शिकला नाहीत.

इथे पहाटेचं दव गोठायला लागलं. मिरच्या वाळवून झाल्या, कोबी अजून शेतात आहे. मिरान सगळं बघते. लग्न होऊन आली तेव्हा तिला खालून जमीन तापवायची साधी भट्टी पेटवता येत नव्हती. आता माझ्याआधी उठून कोळशाच्या वड्या बदलते. अशी सून मिळायला नशीब लागतं. बोलत मात्र नाही फारसं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. तेसोपनं मागच्या रजेत येताना एक काठी आणली होती. ओल्या टॉवेलात गुंडाळलेली, जेमतेम वीतभर, दोन्ही टोकांना मेण लावलेली. मी म्हटलं, लोकांची मुलं आईला रेशीम आणतात, माझा एकुलता एक मुलगा दक्षिणेच्या समुद्रावरून सरपण घेऊन आला. तो हसला आणि म्हणाला, कुंडीत खोच आणि बघ. नाव विचारलं तर म्हणे, त्या बेटांवर दारोदारी आहे, नाव कोण विचारतंय! घराच्या कडेनं लावतात, वाईटसाईट आत येत नाही म्हणतात. तो बोटीवर गेला आणि मग काठीला डोळा फुटला. आता गुडघ्याच्या वर आलंय. पानं लांब, रुंद, हिरव्यात तांबूस, कडेला डाळिंबी रंग. नवं पान गुंडाळी होऊन वर येतं आणि सावकाश उलगडतं.

उन्हाळा त्यानं पडवीत मजेत काढला. पण आता बाहेर ठेवलं तर एका रात्रीत जाईल. हे काय आहे ते इथे कुणालाच सांगता येत नाही. शाळेतले गुरुजी म्हणाले, मक्याचा कुणीतरी श्रीमंत नातेवाईक असेल. गावातला वैद्य मुळी उगाळून बघू म्हणाला, त्याला मी फाटकापर्यंत पोचवून आले. मेव्हण्यांनी काचघरात परदेशी झाडं लावलीत ना? त्यांना विचार, हे कोण आहे आणि इथला हिवाळा त्याला कसा काढायला लावू.

बोटीच्या कंपनीची माणसं परत येऊन गेली. मे महिन्यात जहाजाचा पत्ता लागेनासा झाला, तेव्हापासून कागदावर सही करा म्हणून मागे लागलेत. मी त्यांना पडवीत नेऊन झाड दाखवलं. त्यानं आणलेली काठी अशी फोफावतेय आणि तुम्ही मला काय सांगायला आलात, असं विचारलं. ते माना खाली घालून निघून गेले. मालसुन, तूही तो शब्द पत्रात लिहू नकोस. हे झाड हिरवं आहे तोवर माझा मुलगा कुठेतरी आहे, मी एवढंच धरून बसलेय.

उत्तर लवकर धाड. बहिणीवरची माया बेटावर जाऊन आटू देऊ नकोस.

तुझी ताई,
सुनदॉक


सोग्वीपो, जेजू बेट, २ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेटीबद्दलचा तुझा शेरा ह्यांना वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोरी घेऊन पेट्या बांधत बसलेत. पंचवीस वर्षं मी सांगतेय ते ऐकलं नाही. मेव्हणीच्या एका ओळीनं काम झालं.

तुझ्या झाडाचं वर्णन त्यांना ऐकवलं. क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, बांबूच्या जातीचं आहे. ताई, ह्यांना जे झाड ओळखता येत नाही ते सगळं बांबूच्या जातीचं असतं. तू असं कर, गळून पडलेलं एखादं पान वर्तमानपत्रात दाबून पाठव. खोडावर गोल वळी आहेत का, पानाचा देठ खोडाला कवटाळून असतो का, तेही लिही.

तोवर घरात घे. थंड वारा लागू देऊ नकोस, उजेड असू दे, पाणी बेतानं घाल. मुख्य म्हणजे उबेत ठेव. उष्ण देशातलं आहे, त्याला थंडी सोसणार नाही.

तू लिहू नकोस म्हटलंस ते मी लिहिणार नाही. पण मिरानबद्दल लिहिलं तर रागावशील का? पोरगी अजून सव्वीसची आहे. ती बोलत नाही असं तू लिहितेस, मला तेच वाचून कसंतरी झालं. तिला जवळ बसवून तिच्या मनातलं एकदा विचार तरी.

तुझे गुडघे कसे आहेत? मी धाकटी असले तरी आता माझेही कुरकुरतात. बाकी सगळं ठीक. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
मालसुन


चोंगसन, २८ नोव्हेंबर १९८६

चि. मालसुन हिस,
अ. उ. आ.

सोबत पान पाठवलंय. हे आपणहून गळलं, मी तोडलेलं नाही. खोडावर वळी आहेत. देठ खोडाला धरून असतो, लहान मूल आईच्या मानेला धरतं तसा.

वर्षाचा कोबी मुरवून झाला. गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या होत्या, हात मिरचीनं लाल, जिभा त्याहून तिखट. तेसोपला आवडतात तसे मुळे वेगळ्या मडक्यात घालून पुरलेत. बायकांनी एकमेकींकडे बघितलेलं मला दिसलं.

झाडाची तू काळजी करू नकोस. घरातली सगळ्यात चांगली जागा मी त्याला दिलीय. तू सांगितलंस तशी ऊब आहे, कसली कमी नाही. अगदी खालचं एक पान पिवळं पडलं, पण वरून नवं येतंय.

मिरानची आई आली होती. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच म्हणाली, मुलीला थोडे दिवस माहेरी नेते. थोडे दिवस म्हणजे किती ते मला कळत नाही असं तिला वाटलं. मी तिला आतल्या खोलीत नेऊन नवं पान दाखवलं. म्हटलं, नवरा यायचा आणि बायको घरात नाही, हे बरं दिसेल का? ती बिचारी एकटीच परत गेली. मिरान दारात उभी होती. तिला मी विचारलं नाही. तुझं पत्र वाचूनसुद्धा विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तर मी काय केलं असतं?

मेव्हण्यांना पान नीट बघायला सांग. इकडून आशीर्वाद, तिकडून माया असू दे.

तुझी ताई


सोग्वीपो, १५ डिसेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाड सापडलं! आमचे हे तुझं पान खिशात घालून रोपांच्या लिलावाला गेले होते. तिथे एका व्यापाऱ्याकडे अगदी असंच झाड, अशाच डाळिंबी कडा. इथले रोपवाले त्याला काय म्हणतात माहीत आहे? लाल बांबू! बांबूशी त्याचं काडीचं नातं नाही, पण म्हणतात खरं. त्या दिवसापासून ह्यांना घरात ठेवायची सोय राहिलेली नाही. जेवताना मधेच थांबून म्हणतात, मी काय सांगितलं होतं? त्या बेटांवरचे लोक त्याला लाउती म्हणतात, असं व्यापारी म्हणाला. तेसोप म्हणाला तेही खरं निघालं. तिकडे घराभोवती लावतात, पानांत अन्न गुंडाळून भाजतात.

सोपं झाड आहे म्हणे, चिवट. खोडाचा तुकडा रेतीत आडवा टाकला तरी फुटतो. म्हणून तर एवढा समुद्र ओलांडून आलं. खालचं एखादं पान पिवळं पडणं साधं आहे. पण त्यानंतर आणखी पडली असतील तर लगेच कळव. आणि कुंडी नेमकी कुठे ठेवलीस ते लिही. सगळ्यात चांगली जागा म्हणजे कुठली? खिडकीपाशी का?

मिरानच्या आईबद्दल वाचलं. मी तुला उपदेश करणार नाही, तू मला लहानपणी कडेवर घेऊन हिंडली आहेस. पण विचारलं नाहीस हे तू मला कळवलंस, म्हणजे ते तुलाही टोचतंय.

थंडीत ओट्यावर पाय घसरू देऊ नकोस. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी,
मालसुन


चोंगसन, ८ जानेवारी १९८७

चि. मालसुन हिस,
अ. उ. आ.

नाव कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं सांगू! लाउती. त्याच्याजवळ बसून दोनदा म्हणून पाहिलं. मिरान आतून बघत होती, तिला वाटलं असेल सासूबाईंचं डोकं फिरलं.

पण झाडाचं काही खरं दिसत नाही. पानं एकामागून एक पिवळी पडली. आता शेंड्याला एवढासा तुरा उरलाय आणि तोही मान टाकून. नवं पान गुंडाळीतच अडकलंय, उलगडत नाही. मी तांदळाचं धुवण घालते, रोज घालते, तरी माती दुसऱ्या दिवशी वरून कोरडी.

जागा विचारलीस. अगं, वेडी का तू? माजघरात बाबा बसायचे ती जागा, भट्टीच्या अगदी तोंडावरची. जमिनीचा तेलकागद जिथे भाजून तपकिरी झालाय तीच. तिथे पाहुण्याखेरीज कधी कुणाला बसवलं का आपण? आईसुद्धा तिथे बसली नाही कधी. एवढ्या लांबून आलेलं, उष्ण देशातलं, मग दुसरीकडे कुठे ठेवणार? कुंडीला भोवतीनं गोधडी गुंडाळलीय. मी खिडकीकडच्या गार बाजूला झोपते. मिरान संध्याकाळी एक वडी जास्तीची घालते. हात लावला तर चटका बसेल इतकी जमीन तापते. यापेक्षा जास्त ऊब मी कुठून आणू? तूच सांग काय कमी पडतंय.

लवकर सांग. मला दुसरं काही सुचत नाही.

तुझी ताई


सोग्वीपो, १७ जानेवारी १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र हातात पडल्याबरोबर कुंडी जमिनीवरून उचल. गोधडी काढ. स्टुलावर, पेटीवर, कशावरही ठेव, पण जमिनीवर नको. ताई, मुळं शिजली गं. त्याच्या देशात ऊन वरून पडतं, खालची माती गार असते. आपण त्याला तव्यावर ठेवलं आणि वरून पाणी घालत राहिलो.

आपण म्हणतेय, कारण उबेत ठेव असं मीच लिहिलं होतं. त्याच माजघरात मी लहानाची मोठी झाले, आणि इथल्या काचघरात बसून लिहिताना मला ती जमीन आठवली नाही.

अजून वेळ असेल. झाड कुंडीतून काढ. मुळं काळी, बुळबुळीत असतील तर ती गेली. खोड दाबून बघ. मऊ लागेल तिथपासून वर, जिथे टणक आहे तिथे धारदार सुरीनं काप. आतून पांढरं दिसलं पाहिजे. तो वरचा तुकडा ओल्या रेतीत खोच, उजेडात ठेव, फुटेल. वाट बघू नकोस, कूज वर चढत जाते.

आणि ताई, आता रागव हवं तर. झाड जगेल किंवा जाईल, पण त्याच्यावर तेसोपचा जीव टांगू नकोस. झाडाचं जे होईल त्यानं त्याचं काही बदलणार नाही. मलाही तो कडेवरचा आठवतो.

तुझी,
मालसुन


चोंगसन, ३ फेब्रुवारी १९८७

मालसुन,

पत्र पोचलं. कुंडी उचलून शिवणयंत्राच्या मेजावर ठेवली.

सुरी मी लावणार नाही. तू लांब बसून काप म्हणतेस. तुझे दोघेही मुलगे संध्याकाळी घरी येऊन जेवतात, तुला काप म्हणायला काय जातं! मी त्याला उबेला ठेवलं. उबेला ठेवणं हे चुकीचं असतं हे मला या वयात कुणी शिकवायचं राहिलं होतं.

काही दिवस पत्र पाठवू नकोस.

सुनदॉक


चोंगसन, २० फेब्रुवारी १९८७

ती. मावशींस,
मिरानचा सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आईंनी सांगितलेलं नाही, मी आपणहून लिहितेय.

चांद्र नव्या वर्षाचा सण झाल्यावर झाडाचा शेंडा निखळून आला. आईंनी तो हातात घेतला. मग उठल्या, स्वयंपाकघरातून मुळे कापायची सुरी आणली आणि मला म्हणाल्या, ये, धर. मी कुंडी धरली. तुम्ही लिहिल्याप्रमाणे त्यांनी खालून कापलं. आत तपकिरी. थोडं वर कापलं, तरी तपकिरी. मावशी, त्या पातळ पातळ चकत्या पाडत वर गेल्या. प्रत्येक चकती खिडकीकडे धरायच्या, मला दाखवायच्या, ही पांढरी आहे का गं, ही थोडी पांढरी वाटते का? मी एकदा वाटते म्हणाले. त्यांनी तीही दाबून बघितली आणि खाली ठेवली. कापायला काही उरलं नाही तोवर त्या कापत राहिल्या.

मग सुरी पुसली आणि म्हणाल्या, नाही गं, गेला माझा मुलगा. झाड गेलं असं म्हणाल्या नाहीत.

जास्तीची वडी मीच घालत होते. त्या घाल म्हणायच्या, पण त्या न म्हणत्या तरी मी घातली असती. ते गेले हे मला जहाजाची बातमी आली त्या दिवसापासून ठाऊक होतं. मी कोळशाच्या खोपटात जाऊन रडून घ्यायचे, कारण घरात रडायची सोय नव्हती. तरी संध्याकाळी वडी घालताना वाटायचं, कोण जाणे. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा एका खोलीत बसून रडलो. त्यांनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, तुला माहेरी जायचंय का?

तुमच्या पत्राची त्या वाट बघतात. फाटकाशी टपालवाल्याला उगाच थांबवून गप्पा मारतात. तुम्ही लिहा, मी सांगितलं म्हणू नका.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. माझ्यावर असाच जीव असू द्या.

तुमची,
मिरान


सोग्वीपो, १२ सप्टेंबर १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मार्चपासून आपण एकमेकींना हवापाण्याचीच पत्रं लिहितोय. गुडघे, कोबी, ह्यांची पाठ. तेही बरंच आहे, पण आज जरा पुढे जाते.

ह्यांना तुला लाल बांबूचं नवं रोप पाठवायचं होतं, बांधूनसुद्धा ठेवलं होतं. मी पाठवू दिलं नाही. रोप तेच असलं तरी ते त्यानं आणलेलं नाही. बरोबर केलं ना?

तू कंपनीच्या कागदावर सही केलीस हे मिराननं कळवलं. आता तेसोपला श्राद्धाचं ताट द्यायला हवं गं. समुद्रावर गेलेल्याचा दिवस कुणालाच ठाऊक नसतो, म्हणून इथल्या बायका नवव्या चांद्रमासाच्या नवमीला देतात. या बेटावर त्या दिवशी कितीतरी घरांतून धूप जळतो. तूही तोच दिवस धर. मुलाचा दिवस आपणच ठरवायचा, ही शिक्षा कुठल्याच आईला नको, म्हणून तो आधीच ठरलेला आहे असं समज.

मला यावंसं फार वाटतं, पण ह्यांच्या पाठीचं ऑपरेशन त्याच सुमाराला आहे. मनानं मी तुझ्या शेजारी बसलेली असेन. मी चिडले नव्हते कधीच. तूही मनात काही ठेवू नकोस.

तुझी,
मालसुन


चोंगसन, ३ नोव्हेंबर १९८७

चि. मालसुन हिस,
अ. उ. आ.

मेव्हण्यांची पाठ आता कशी आहे? त्यांना वजन उचलू देऊ नकोस आणि स्वतःही उचलू नकोस. रोप पाठवलं नाहीस ते बरं केलंस.

नवमी झाली. नेमानं मध्यरात्री करायचं, पण मला एवढं जागवणार नाही म्हणून अंधार पडतानाच केलं. पासपोर्टसाठी काढला होता तोच फोटो मांडला. त्यात तो रागावल्यासारखा दिसतो. मासा, टोफू, पेअर, खजूर, सगळं रांगेनं ठेवलं. ताटात मिरची चालत नाही ना! मिरचीशिवाय ज्याचा घास उतरायचा नाही त्याच्यापुढे सगळं फिकं पांढरं. मी त्याच्या आवडीचे मुळे चोरून ठेवणार होते, मिराननं हात धरला. म्हणाली, आई, आजचा दिवस रीतीनं होऊ द्या.

आईनं मुलापुढे वाकायचं नसतं. म्हणून मिरान एकटीच वाकली. मी भिंतीशी बसून बघत होते. त्याला मी उभं राहायला शिकवलं, मोठ्यांपुढे वाकायला शिकवलं, आणि त्याच्यासमोर मी नुसती बसून! माझ्या हातांना काय करावं कळेना.

परवा मिरानची आई तिला न्यायला येतेय. मीच निरोप धाडला. पोरगी दोन दिवस भांडली, जाणार नाही म्हणाली, तुम्हाला वड्या कोण बदलून देणार म्हणाली. मी सांगितलं, मला येतात बदलता. सणाला ये, मुलगी म्हणून ये. तिचं पुढे कुठे लग्न ठरलं तर मी रेशमाचा तागा देणार आहे आणि हसत देणार आहे. घर खायला उठेल, पण ते माझं मी बघेन.

तुला सांगायचं ते वेगळंच. भातात चमचा रोवून झाला आणि आम्ही बाहेर आलो, कागदाचं दार ओढून घेतलं. तो आत जेवत असताना बाहेर मान खाली घालून उभं राहायचं, आणि मग घरातल्या मोठ्यानं तीनदा खाकरून दार उघडायचं, म्हणजे त्यानं आवरतं घ्यावं. घरात मोठी मीच. आम्ही उभ्या राहिलो. रीतीप्रमाणे नऊ घास होतील एवढा वेळ थांबायचं, तो सहज होऊन गेला. माझा घसा मोकळा होता, मालसुन, खाकरायला काहीच अडचण नव्हती. मिराननं माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, आई, झालं असेल आता त्यांचं. मी म्हटलं, थांब जरा. बोटीवर पोराला कधी धड बसून जेवू दिलं नसेल त्यांनी. त्याला पोटभर जेवू दे.

अजून काय लिहू! तुझी माया आहे, ती राहू दे.

तुझी ताई,
सुनदॉक